रंगवलेल्या कडेवर पाय

पडदा वर जातो. मागे उंच विटांची भिंत, तिच्यावर चढलेली वेल, कोपऱ्यात एक पाय मोडलेली खुर्ची. वरून पिवळाधमक उजेड. दुपारची वेळ आहे. नाटकातही आणि बाहेर रस्त्यावरही. प्रेक्षागृहात माणूस नाही, खुर्च्या मात्र झाडून सगळ्या हजर. मंचाच्या मधोमध पांढऱ्या केसांची एक बाई दोन्ही हात पसरून उभी आहे आणि परागंदा झालेल्या मुलाला हाका मारते आहे. ती बाई म्हणजे मी. केस तेव्हा खोटे होते, आता खरे आहेत.

"बाळा," मी म्हणते, "ज्या उंबरठ्यावरून तू गेलास, त्या उंबरठ्यावर आजही..."

"म्याऊ," वरून कोणीतरी म्हणतं.

ही आमची रंगीत तालीम. दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. आणि वर, मागच्या भिंतीला लागून गेलेल्या लाकडी तुळईवर, आमच्या नाट्यगृहाची मांजर आदल्या दिवसापासून अडकून बसलेली. कपड्यांच्या पेट्या उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून ती पाळलेली होती. सदैव विंगेत बसून सगळ्यांची भाषणं ऐकायची, म्हणून तिला आम्ही 'प्रॉम्प्टर' म्हणायचो. ती विंगेच्या जाड काळ्या पडद्यावरून नखं रोवत वर गेली, आणि नेमका त्याच संध्याकाळी कोणीतरी तो पडदा धुवायला काढला. झालं! बाईसाहेब वरच.

"एक तर ही मांजर काढा, नाहीतर मला काढा!" दिग्दर्शक पहिल्या रांगेतून ओरडला. तरुण होता, बुद्धिमान होता, आणि त्याच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं.

"तुम्हाला काढणं सोपं आहे," दिवेवाला वरच्या खोलीतून म्हणाला. "तुम्ही खाली आहात."

ज्याची ही गोष्ट आहे तो माणूस अजून विंगेत आहे. तो कायमच विंगेत असायचा. जरा थांबा, त्यांची रीतसर ओळख करून देते आणि मगच मंचावर आणते. एवढा मान आयुष्यभरात आम्ही त्यांना दिला नाही.

मुंगळेराव हे आमच्या नाट्यगृहाचे रंगारी. नाव अर्थातच दुसरं होतं, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. अंगानं काटकुळे, रंगानं काळेसावळे, देहाच्या मानानं डोकं मोठं, आणि स्वतःच्या दुप्पट वजनाचं ओझं उचलायची खोड. कोणी एकानं 'मुंगळा' म्हटलं आणि ते चिकटलं. मी त्याला 'राव' जोडलं. नाटकवाल्यांना कोणालाही राजा करायची सवय असते.

भिंती, आकाश, जंगल, राजवाडा, तुरुंग, सगळं तेच रंगवायचे. पडदे तेच टांगायचे. आणि टांगण्यासाठी चढायचे. शिडी असली तर शिडीनं, नसली तर तशीच. आमच्या मागच्या भिंतीत ठरावीक अंतरावर विटांचा एकेक थर बोटभर पुढे आलेला होता. त्याला आम्ही कड म्हणायचो. त्या बोटभर कडेवर बोटं आणि अंगठे टेकवत हा माणूस तुळईपर्यंत जायचा, गप्पा मारत.

त्यांचे वडील घरांना चुना लावायचे. ते पहाडावर म्हणजे बांबूच्या परांचीवर, आणि हे खाली पाळत ठेवायला. पाळत कशावर? तर चुन्याच्या डब्यावर. पण लहान मुलाचं लक्ष डब्यावर किती वेळ राहणार! भिंतीवरून मुंग्या चालायच्या. जिथे आपण पडू तिथे ही एवढीशी बया डोक्यावर साखरेचा दाणा घेऊन चालते, हे काय गौडबंगाल आहे, असा प्रश्न त्यांना तेव्हा पडला आणि मग तो आयुष्यभर सुटला नाही. सुटला नाही म्हणजे उत्तर मिळालं नाही असं नव्हे, नाद सुटला नाही.

त्या नादापायी त्यांनी एक गुन्हा केला होता. एका रहस्यनाट्यात गुप्तहेराला एक मोठं भिंग लागायचं. मुंगळेराव ते भिंग मुंग्यांचे पाय बघायला न्यायचे आणि प्रयोगाआधी परत ठेवायचे. एकदा विसरले. गुप्तहेर ऐटीत आला, पावलांचा ठसा बघायला वाकला, खिशात हात घातला... भिंग नाही. त्या नटानं टेबलावरचा चहाचा चमचा उचलला आणि चमच्यातून ठसा तपासला. टाळ्या पडल्या! पुढचे सगळे प्रयोग चमच्यावरच झाले आणि भिंग मुंगळेरावांना कायमचं मिळालं.

आमच्या मेकअपच्या खोलीत एक पाल होती. आरशाच्या वर, छताच्या कोपऱ्यात. मी चेहऱ्याला रंग लावत असले की मुंगळेराव दाराशी उभे राहून तिच्याकडे बघायचे. माझ्याकडे नाही, तिच्याकडे. नायिकेच्या भूमिका करायच्या वयात हे मला थोडं लागायचं.

"बाई, हिच्या पायाला काय असतं सांगा."

"डिंक," मी म्हटलं.

"डिंक असता तर एव्हाना तिला धूळ, जळमटं, तुमची पावडर, सगळं चिकटून तिची करंजी... नाही, तिची गादी झाली असती. डिंक नाही. केस असतात."

"पालीला केस?"

"तळपायाला. इतके बारीक की या भिंगातूनही दिसत नाहीत, पुस्तकात वाचलं मी. प्रत्येक केस भिंतीला अगदी खेटतो. एकटा केस काय धरणार? पण लाखो खेटले की पाल छताला उलटी. एकजूट हो, एकजूट!"

"आपल्या मंडळींना दाखवायला हवी ही पाल."

"आणि खरी गंमत धरण्यात नाही, सोडण्यात आहे. बोटं टोकाकडून सोलत उचलते. असं." आणि त्यांनी दारावरचा आपला हात बोटांच्या टोकांपासून सोलून दाखवला. "धरता कोणालाही येतं, बाई. सोडता आलं तर माणूस पुढे जातो."

मला हे वाक्य नाटकात घालावंसं वाटलं होतं. लेखकानं घेतलं नाही. म्हणाला, फार शहाणं वाटतं, रंगाऱ्याच्या तोंडी शोभणार नाही. मी म्हटलं, रंगाऱ्याच्याच तोंडचं आहे. असो.

मुंगीची तऱ्हा वेगळी, हेही त्यांनीच सांगितलेलं. खडबडीत जागी ती नखं अडकवते. गुळगुळीत जागी नखं निसटली की नखांच्या मधून एक ओलसर गादी पुढे येते आणि ती टेकते. चालताना तीन पाय रोवलेले, तीन उचललेले. "आपल्याला हातपाय धरून चारच," ते म्हणायचे, "म्हणून तीन रोवायचे आणि एकच उचलायचा. मुंगी श्रीमंत आहे, आपण गरीब." गोगलगाय स्वतःचा रस्ता स्वतःच अंथरते आणि त्यावरून जाते. खार मागचे पाय घोट्यातून उलटे फिरवते, म्हणून डोकं खाली करून झाडावरून धावत उतरते. मांजरीला ते जमत नाही. तिच्या नखांचा बाक चढण्यासाठी आहे. डोकं खाली केलं की नखं सुटतात. तिनं शेपटीकडून उतरावं, पण हे तिला सुचत नाही, कारण मांजर कोणाकडेही पाठ करून जात नाही. मानी जात! त्यांचं सगळंच बरोबर असेल असं नाही. कोळ्याबद्दल त्यांचे दोन सिद्धांत होते आणि कोळी दोन्ही मानत नव्हते. तरुणपणी एकदा त्यांनी चपलांच्या तळांना राळ फासून भिंत चढायचा प्रयोग केला होता. चपला भिंतीवर छान राहिल्या. मुंगळेराव खाली आले.

आता वहिनी. वहिनी म्हणजे त्यांची बायको, आमच्या कपडेपटाची मालकीण. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना तीच नेसवायची. लग्नाआधी ती कपडेपटात नवी लागली होती. कपडेपट दुसऱ्या मजल्यावर. एक दिवस तिच्या हातातून दोऱ्याचं रीळ खिडकीबाहेर पडलं. खाली अंगणात मुंगळेराव तंबू रंगवत बसले होते. त्यांनी रीळ उचललं, दातात धरलं, पावसाच्या पाण्याच्या नळावरून सरसर वर गेले आणि खिडकीच्या चौकटीवर रीळ ठेवलं. वहिनीनं रीळ घेतलं, त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"जिना आहे."

यांच्या प्रेमातला हा पहिला संवाद. पुढच्या संसारात हे वाक्य तिनं किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. गच्चीवर चढले, जिना आहे. शेजारच्यांची किल्ली आत राहिली म्हणून खिडकीतून गेले, जिना आहे. त्यांची मुलगी लहानपणी पहिल्यांदा पलंगाच्या कठड्यावर चढली तेव्हा वहिनीनं तिलाही तेच सांगितलं.

त्या नाटकासाठी मुंगळेरावांनी वेगळा पडदा रंगवला नव्हता. दिग्दर्शकाला खरी भिंतच हवी होती. पण आमच्या भिंतीत एक अडचण होती. काही वर्षांपूर्वी तिला मधोमध ओल आली होती, म्हणून तिथल्या विटांवर गुळगुळीत गिलावा केला होता. तो ठिगळासारखा दिसायचा. मुंगळेरावांनी त्या गिलाव्यावर विटा रंगवल्या. डावीकडून येणारी खरी वीट कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते, ते पहिल्या रांगेतूनही कळत नव्हतं. पुढे आलेल्या कडा रंगवल्या, त्या कडांच्या सावल्या रंगवल्या. एका कडेवर तर धुळीचा थर रंगवला आणि त्या धुळीतून गेलेली मुंग्यांची रांग. दिग्दर्शकानं हात लावून बघितलं आणि नुसता मान हलवत राहिला.

तेव्हा आमच्या लक्षात एक गोष्ट यायला हवी होती. ते काम करताना भिंग त्यांच्या हातातून खाली ठेवलंच जात नव्हतं. आम्ही म्हणायचो, मुंगळेरावांना मुंग्या सापडल्या वाटतं! मुंग्या नव्हत्या. त्यांना स्वतःची रेघ दिसत नव्हती.

तर, मांजर.

"मोठी शिडी?" दिग्दर्शकानं विचारलं.

"दुरुस्तीला गेलीय. संध्याकाळी येईल," व्यवस्थापक म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत मी हिचं ऐकू?"

"म्याऊ," प्रॉम्प्टर म्हणाली.

आणि मुंगळेराव विंगेतून बाहेर आले. घ्या, आता आणलं त्यांना मंचावर. हात पँटला पुसले, चपला काढून बाजूला जोडून ठेवल्या आणि भिंतीशी गेले.

"अहो, वय काय तुमचं?" मी म्हटलं.

"बाई, भिंतीचं वय माझ्याहून जास्त आहे. ती पडली नाही, मी कशाला पडेन?"

डाव्या बाजूनं चढले. तिथल्या कडा सगळ्या खऱ्या, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या बोटांना पाठ. तीन रोवलेले, एक उचललेला. बघता बघता तुळईशी पोचले. मांजर आधी फिसकारली, मग ओळख पटली, मग सरळ त्यांच्या पाठीवर आली आणि जीव मुठीत धरल्यासारखी चारी पंजांनी त्यांच्या सदऱ्याला लटकली. सदऱ्याला कसली, पाठीलाच.

"आई गं!" वरून आवाज आला. आम्ही हसलो. दिग्दर्शकानंही टाळ्या वाजवल्या.

मग ते उतरू लागले. मांजरीच्या नखांपासून अंग चोरत थोडे उजवीकडे सरकले. मान वळवून काखेखालून खाली बघितलं. कड दिसली. पाय टेकवला.

पाय सरळ खाली गेला. तिथे काहीच नव्हतं. नुसता रंग होता.

काय वाटलं असेल ते शब्दांत सांगता येत नाही. दोन्ही हातांची बोटं वरच्या कडेवर, डावा पाय एका खऱ्या विटेच्या टोकावर, उजवा पाय हवेत. आणि पाठीवर मांजर. कोणी ओरडलं नाही. नाटकातल्या माणसांना एवढं कळतं, की अशा वेळी आवाज करायचा नसतो. पडद्यांची गाठोडी, सिंहासनाच्या गाद्या, राणीचे शालू, जे हाताला लागेल ते लोकांनी पळत आणून भिंतीखाली टाकलं. पण ती उंची गाद्यांना जुमानणारी नव्हती.

त्यांचा उजवा पाय भिंतीवर शोधत फिरत होता. ते खाली बघायचे, एका कडेकडे पाय न्यायचे. ती रंगवलेली. परत दुसरीकडे न्यायचे. तीही रंगवलेली. खरी कड वीतभर डावीकडे होती, आम्हाला स्पष्ट दिसत होती. त्यांना दिसत नव्हती. आणि तेव्हा मला कळलं. या माणसानं भिंत इतकी हुबेहूब रंगवली आहे म्हणून तो फसलेला नाही. त्याला नीट दिसतच नाही.

"डावीकडे घ्या, डावीकडे!" व्यवस्थापक न राहवून म्हणाला.

"कुणाच्या डावीकडे?" दिग्दर्शक म्हणाला. "आपल्या की त्यांच्या?"

"गप्प बसा दोघं," मी म्हटलं.

कोणीतरी वहिनीला बोलावायला धावलं होतं. ती आली. तोंडात टाचण्या होत्या. तिनं वर बघितलं. मग एकेक टाचणी तोंडातून काढून मनगटावरच्या गादीत खोचली. सगळ्या खोचून झाल्यावरच हाक मारली.

"अहो."

"अं."

"कुठला डोळा?"

त्यांनी कपाळ भिंतीला टेकवलं.

"डावा," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "उजवाही थोडा."

"मला माहीत आहे."

"तुला कसं?"

"दोन वर्षं सुईत दोरा ओवायला सांगतेय तुम्हाला. 'हाताला रंग आहे' म्हणता. दर वेळी कसा असेल?"

मी माझी पाठ फिरवली. तालमीत खोटं रडायचं होतं, ते राहून गेलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. ते राहू दे आता. तुमच्या मुंगीला डोळे असतात का हो?"

"असतात. कामापुरते."

"मग ती भिंत उतरते कशी? बघून?"

त्यांनी वरची पकड बदलली. बोटांची सालं निघत असणार. "नाही," ते म्हणाले. "पायानं चाचपून."

"मग?"

आणि वरून, अगदी नेहमीच्या, दिवे लावायला सांगतात तशा आवाजात ते म्हणाले, "दिवे घालवा. सगळे."

दिवेवाला घाबरला. "अंधारात?"

"वेड लागलंय का?" दिग्दर्शक म्हणाला. "दिसत नाहीये म्हणून अडकलेत, आणि दिवे घालवायचे?"

"हा उजेडच डोळ्यांत घुसतोय," मुंगळेराव म्हणाले. "आणि उजेड असला की त्या कडा दिसतात. मी बघतो, आणि बघितलं की पाय तिकडेच जातो. दिवे घालव रे बाबा."

दिवेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. का, कोण जाणे. कदाचित मी त्या नाटकात आई होते म्हणून. मी आयुष्यात महाराण्यांच्या, सासवांच्या, न्यायाधीशांच्या भूमिका केल्या; त्या सगळ्यांचा मिळून एक आवाज काढला.

"घालव!"

अंधार झाला. आमच्या प्रेक्षागृहाला खिडक्या नव्हत्या. दारांवर जाड पडदे. डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. त्यात ती भिंत नव्हती, वेल नव्हती, कडा नव्हत्या. खोट्या नव्हत्या आणि खऱ्याही नव्हत्या. जी पायाला लागेल तीच काय ती खरी.

भिंतीवर कातडं घासल्याचा आवाज. चुन्याचा एक कपचा खाली पडला. मग काहीच नाही.

"आहात?" वहिनी म्हणाली.

"आहे."

घासल्याचा आवाज. श्वास.

"आहात?"

"आहे."

मी इतकी नाटकं केली, इतक्या शांतता ऐकल्या. भरलेल्या प्रेक्षागृहाची शांतता नटाला ओळखता येते. ती ऐकण्यासाठी तर माणूस नट होतो. पण त्या दोन शब्दांच्या मध्ये जी होती तशी मी पुन्हा ऐकली नाही. बाजूला दिग्दर्शकानं माझा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवला नाही. खरं तर मीच धरला असेल.

"आहात?"

उत्तर नाही.

"अहो, आहात का?"

"थांब गं, मांजर कानात बोलतेय."

कोणीतरी हसलं, आणि हसता हसता त्याला हुंदका आला. मग परत घासणं, परत श्वास. आणि मग कापडावर मऊ काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ दुसरं.

"दिवे," खालून, अगदी आमच्या उंचीवरून आवाज आला.

दिवे लागले. मुंगळेराव सिंहासनाच्या गादीवर, राणीच्या शालूत पाय गुंतवून उभे होते. बोटांची टोकं रक्तानं लाल. प्रॉम्प्टर त्यांच्या पाठीवरून शेपटी खाली करून, उलटी, पावलापावलानं जमिनीवर उतरली आणि कोणाकडेही न बघता दूध शोधायला निघून गेली.

"बघितलंत?" मुंगळेराव म्हणाले. "शिकली. उलटी उतरायला शिकली!"

वहिनी पुढे गेली. आता ही गळ्यात पडेल असं आम्हाला वाटलं. तिनं मनगटावरच्या गादीतून एक सुई काढली, कमरेचं रीळ काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं.

"ओवा."

त्यांनी सुई घेतली. दोरा घेतला. दोरा सुईच्या बाजूनं गेला. परत गेला. मग त्यांनी दोन्ही हात खाली केले. तेवढ्या माणसांत तो माणूस असा मान खाली घालून उभा राहिला, आणि मग बोलला.

"बाबांचे डोळे गेले तेव्हा आम्ही त्यांना खाटेवर बसवलं होतं," ते म्हणाले. "समोर भिंत. हाताला काम नाही. त्या भिंतीला पोपडे धरले होते आणि त्यांना ते दिसतही नव्हते. मला वाटलं, मी बोललो की माझा कुंचला काढून घ्याल, खाट द्याल."

"खाटेवर तुम्ही बसाल?" वहिनी म्हणाली. "दुसऱ्या मिनिटाला पंख्यावर असाल." आणि तेव्हा कुठे तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. मीही गेले, प्रयोग संध्याकाळी होता आणि मला घरी चैन पडेना. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या मुलीसारखी. तिनं दिवा मारून दोन्ही डोळे बघितले आणि म्हणाली, "मोतीबिंदू आहे काका. चांगला पिकलाय. काढून टाकू."

"म्हणजे?"

"म्हणजे काढायचा. एक डोळा आता, दुसरा नंतर. त्याच दिवशी घरी."

"मग रंग?"

"कसला रंग?"

"रंग दिसेल?"

"आत्ता सगळं पिवळट दिसत असेल ना? ते जाईल. निळा निळा दिसेल."

मुंगळेराव खुर्चीत मागे टेकले. दोन वर्षं छातीवर घेऊन हिंडलेला धोंडा कोणीतरी येता जाता उचलून बाजूला ठेवला होता, आणि तोही बोलता बोलता.

"एवढंच?" ते म्हणाले. "अगं, आपल्या भिंतीचा पहिला हात सुकायला याहून जास्त वेळ लागतो."

बाहेर पडल्यावर जिना उतरताना वहिनीनं त्यांचा दंड धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही. "जिना आहे," ती म्हणाली. या वेळी ती चिडवत नव्हती.

पहिला प्रयोग चांगला झाला. मांजर अख्खा प्रयोग विंगेत झोपली. लोकांनी भिंतीला टाळी दिली, पडदा वर जाताच, आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत. ती टाळी घ्यायला मुंगळेराव मंचावर आले नाहीत.

दोन्ही डोळे झाल्यावर त्यांनी पुढेही कितीतरी वर्षं रंग दिला. चढणं मात्र शिडीवरूनच, आणि शिडी धरायला खाली वहिनी. आकाशं त्यांनी सगळी नव्यानं रंगवली. म्हणाले, जुनी आजारी माणसासारखी पिवळी आहेत आणि तुम्ही कोणी बोलला कसे नाहीत. आता ते दोघं मुलीकडे असतात. नात भिंतीवर चढते म्हणून मुलगी तक्रार करते, आणि आजोबा भिंग शोधत फिरतात.

पण मला आठवतो तो पट्टी काढल्यानंतरचा दिवस. नाटक चालू होतं, भिंत तशीच उभी होती. दुपारी मी तालमीला गेले तर मुंगळेराव काळा चष्मा लावून प्रेक्षागृहाच्या मधल्या रांगेत बसलेले. शेजारी वहिनी. प्रॉम्प्टर मांडीवर. मंचावर सगळे दिवे लावून घेतले होते. मी हळूच मागच्या रांगेत जाऊन बसले. त्यांनी चष्मा काढला. भिंतीकडे बघत राहिले. खालून वर, डावीकडून उजवीकडे, मग मधोमध, जिथे गिलावा होता तिथे. बराच वेळ. मला वाटलं, भरून आलंय. या भिंतीनं त्यांना जवळजवळ मारलं होतं, आणि हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम होतं. मी पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यांनी वळून न बघता मंचाकडे बोट केलं.

"बाई, ती मधली कड बघा. इथून सरळ खोटी दिसतेय! हिच्यावर पाय ठेवला तरी कोणत्या गाढवानं?"